कळमन्याच्या ढिगासाठी सुती ताडपत्री: प्रकल्पाच्या नोंदी

२२ एप्रिल

कामाची दिशा आज पक्की झाली. नागपूरच्या कळमना बाजार समितीच्या ओट्यांवर हरभरा, गहू आणि दिवाळीच्या आधी सोयाबीन उघड्यावर पडून असतं. अवकाळीचं आभाळ भरून आलं की प्लास्टिकची ताडपत्री ओढली जाते. पाऊस ती अडवते, पण माल श्वास घेतो त्याचं काय? दिवसा ढीग तापतो, दाण्यातला ओलावा वर येतो, रात्री गार पडलेल्या प्लास्टिकला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी वरच्या थरावर ठिबकतं. सकाळी वरचे दाणे फुगलेले असतात. सोयाबीनला खरेदीच्या वेळी साधारण १२ टक्के ओलाव्याची अट लागते. तिथे हा एक थरच शेतकऱ्याचा भाव पाडतो.

हवा जाऊ देणारं, पाऊस अडवणारं आणि हमालांच्या ओढाताणीत न फाटणारं सुती कॅनव्हास विणायचं, असं ठरलं. या तीन मागण्या एकमेकींच्या आड येतात, आणि खरं काम तिथेच आहे.

२५ एप्रिल

पाचपावलीत विणकर काकांच्या शेडमध्ये बसून पहिला नमुना ठरवला. काका हलबा कोष्टी घराण्यातले. त्यांच्या वडिलांचा खड्ड्याचा माग होता, आता शेडमध्ये यंत्रमाग आहेत. जाड सूत चालवायची त्यांना सवय आहे.

ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही २/१० नंबरचं सूत, म्हणजे १० नंबरचे दोन धागे पिळून एक केलेलं, हिशेबाला ५ नंबर. नंबर जितका लहान तितकं सूत जाड. साधी वीण. इंचाला ताण्याचे ३६ धागे (एंड), बाण्याचे २६ (पिक).

कापड किती झाकलं जातं याचा हिशेब पिअर्सच्या पद्धतीने केला. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापूस संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पिअर्सने १९३७ मध्ये विणलेल्या कापडाची भूमिती मांडली, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये बसून कागदावर करता येईल इतकी ती सोपी आहे. इंचातल्या धाग्यांची संख्या सुताच्या नंबरच्या वर्गमूळाने भागायची. ताण्याचा आकडा १६.१ आला, बाण्याचा ११.६. दोन्हींच्या बेरजेतून त्यांच्या गुणाकाराचा २८ वा भाग वजा केला की एकूण कव्हर फॅक्टर २१.० मिळतो. पूर्ण झाकलेल्या कापडाला २८. म्हणजे वाव आहे.

३ मे

माग चालू झाला आणि ताणा तुटायला लागला. सूत वाईट नाही, खळही बरी चढली आहे. हवा कोरडी आहे. दुपारी बाहेर पारा ४४ च्या वर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. कापसाच्या तंतूतला ओलावा गेला की तो कडक होतो, ताणात लवत नाही, तुटतो. विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास हवी.

काकांनी फरशीवर पाणी मारलं, बीमच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या) मागे ओली पोती टांगली, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ताण्याच्या दिशेने वळवला. म्हणाले, "ताई, सूत तहानलं आहे. त्याले पाणी दाखवा लागते." पुढच्या तासात तुटणं निम्म्याहून कमी झालं. खड्ड्याच्या मागावर विणणाऱ्यांचा ताणा जमिनीलगत राहायचा, ओल धरायचा. तेव्हा त्या खड्ड्यात पाय सोडायच्या सोयीखेरीज हेही कारण होतं.

६ मे

पहिलं कोरं कापड उतरलं. मोजलेलं वजन चौरस मीटरला ३१० ग्रॅमच्या आसपास. सूत सरळ धरलं तर हिशेब २८८ चा येतो. वरचे ग्रॅम क्रिम्पचे, म्हणजे ताणा बाण्याच्या वर-खाली जाताना जी जास्तीची लांबी खातो तिचे.

९ मे

टेन्साइल, म्हणजे कापड ओढून तोडायला किती जोर लागतो ते.

पद्धत आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३९३४-१ ची: कडेचे धागे उसवून बरोबर ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी, जबड्यांमध्ये २०० मिलिमीटर अंतर, मिनिटाला १०० मिलिमीटर वेग, ताण्याच्या दिशेने ५ आणि बाण्याच्या दिशेने ५ पट्ट्या. काठापासून १५० मिलिमीटर सोडून कापायचं, आणि कुठल्याही दोन ताणा-पट्ट्यांत तेच धागे येता कामा नयेत. तिरप्या रेषेत पायऱ्यापायऱ्याने पट्ट्या घेतल्या की हे आपोआप साधतं. या नियमाचा कंटाळा करणारे पाहिले आहेत. सगळ्या पट्ट्या एकाच जागेच्या कापल्या तर त्या जागेचं सूत मोजलं जातं, कापड नाही.

आज मुद्दाम एक तुलना केली. एकाच कापडाच्या पट्ट्यांचा एक संच प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलावर रात्रभर उघडा ठेवून तसाच ओढला. दुसरा संच भारतीय मानक आयएस ६३५९ प्रमाणे २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवून मग ओढला. कोरड्या पट्ट्या दहाव्या हिश्श्याहून जास्त कमी भरल्या, आणि तुटण्याआधी ताणल्याही कमी गेल्या. कापूस ओला झाला की मजबूत होतो, व्हिस्कोजच्या अगदी उलट. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात खोलीची हवा न लिहिता दिलेला सुती कापडाचा आकडा मला अपुराच वाटतो. गेल्या वर्षी एका ठिकाणाहून आलेल्या अहवालावर तापमान आणि आर्द्रतेचे रकाने रिकामे होते. त्या अहवालावरून एका विणकराचा अख्खा लॉट परत गेला होता. माणसाच्या महिन्याच्या कमाईचा निवाडा करणाऱ्या कागदावर हे दोन रकाने भरलेलेच हवेत.

प्रमाणित हवेत नमुना कोरड्या बाजूने आणायचा असतो, कारण ओला नमुना वाळत ६५ टक्क्यांना पोचला तर तो कोरड्या बाजूने आलेल्यापेक्षा जास्त पाणी धरून राहतो. मे महिन्यात ती चिंता नाही, इथली हवाच नमुने वाळवून देते. जुलैत मात्र आधी ५० अंशांपर्यंतच्या कोरड्या कपाटात ठेवावे लागतील. तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१२ मे

जबड्याजवळ तुटलेल्या पट्ट्या बाद केल्या. जबड्यांना कॅनव्हासचेच तुकडे अस्तर म्हणून लावले, पुढचे तुटणे मधोमध आले.

१९ मे

पाणी. हायड्रोस्टॅटिक हेड: १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा आवळायचा, खालून पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, तिसऱ्या जागी थेंब दिसला की तेव्हाचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत लिहायचा. २६ पिकच्या कोऱ्या कापडातून थेंब फार लवकर आले. अपेक्षितच होतं.

पण दाब थोडा कमी करून तोच तुकडा तसाच ठेवला आणि पुन्हा वाढवला, तर दुसऱ्या वेळी स्तंभ जास्त चढला. कापसाचा तंतू भिजला की जाडीत फुगतो, लांबीत जवळपास नाही. धागे फुगले, भोकं मिटली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी शर्ली इन्स्टिट्यूटने लांब धाग्याच्या कापसाचं दाट कापड याच गुणावर बेतलं होतं. त्यावर रबर नव्हतं, प्लास्टिकचा थर नव्हता. दाट वीण आणि फुगणारा तंतू, एवढंच. आमचा कापूस तितका लांब नाही आणि १० नंबरच्या सुताला तो लागतही नाही. तत्त्व मात्र तेच.

२७ मे

३० पिकवर गेलो. बाण्याचा आकडा १३.४, एकूण कव्हर फॅक्टर २१.८. पाण्याचा स्तंभ चांगला चढला. बाण्याच्या दिशेची टेन्साइल पिकच्या प्रमाणात वाढली. ताण्याच्या दिशेने ताकद जवळपास तीच, पण ताणण वाढली, कारण क्रिम्प वाढला.

सगळे खूश. मला टिअरची, म्हणजे फाटण्याची, धास्ती आहे.

२९ मे

धास्ती खरी ठरली. टिअर स्ट्रेंथ उतरली, आणि नजरेत भरेल इतकी.

हे नीट लिहून ठेवते, कारण कॅनव्हास विकत घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. टेन्साइलमध्ये पट्टीतले सगळे धागे एकदम भार घेतात. फाटताना तसं होत नाही. फाटीच्या टोकाशी धागे आपल्या जागेवरून थोडे सरकतात, एकमेकांजवळ गोळा होतात आणि दोघं-तिघं मिळून भार उचलतात. वीण जितकी घट्ट, तितकं सरकणं अवघड. मग फाटीच्या टोकाशी एकेकटा धागा उभा राहतो आणि एकेक करून तुटत जातो. तेव्हा टेन्साइलचा आकडा चढत असताना टिअरचा उतरू शकतो, आणि कळमन्यात ताडपत्री टेन्साइलने मरत नाही. ती पोती उचलायच्या हुकात अडकते, ट्रकच्या कडीला लागते, दोन हमाल दोन बाजूंनी ओढतात. तिथे फाड महत्त्वाची.

ट्राउझर टेस्टच्या (पट्टीला मध्ये चीर देऊन दोन पाय उलट दिशांना ओढायचे) आलेखावरच हे दिसतं: २६ पिकच्या कापडाची शिखरं उंच आणि विरळ, ३० पिकची बुटकी आणि दाट.

आणखी घट्ट करायचा मोह आवरला. काका म्हणाले, ३२ पिकवर "कापड मागे ढकलून राह्यलं." फणीच्या (बाणा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) ठोक्याला विणलेली कड मागे उसळते, पिक बसत नाही. ५ नंबरच्या सुताला साध्या विणीत एवढी गर्दी जड जाते.

४ जून

आज विणीवर चर्चा. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मॅट वीण, म्हणजे दोन ताणे दोन बाणे जोडीने. टिअर उत्तम, पण जोड्यांच्या कोपऱ्यांत भोकं राहतात. दुसरी वाट जुन्या डक कॅनव्हासची: ताण्याचे दोन एंड जोडीने एकासारखे चालतात, बाणा एकेरीच. आडवं गुंतणं अर्ध्यावर येतं, ताण्याला हलायला जागा मिळते, बाणा घट्ट ठोकता येतो.

दुसरी घेतली. जोडीचे दोन एंड फणीच्या एकाच घरात भरले तर ते एकमेकांवर चढतात आणि कापडाला दोरखंडासारखी गोल रेघ पडते. काकांनी जोडीच्या मध्ये फणीची काडी येईल अशी भरणी केली. दोन्ही एंड शेजारी चपटे बसले. हे त्यांनी हात फिरवून ठरवलं, मी नंतर भिंगाखाली पाहिलं.

१४ जून

डक विणीत ३२ पिक सहज बसले. बाण्याचा आकडा १४.३, एकूण २२.२. टिअर वर आली, २६ पिकच्या साध्या विणीच्याही वर. पाण्याचा स्तंभ ३० पिकच्या साध्या विणीच्या थोडा खाली, पण कामाचा.

आठवडाभर मी ज्या आलेखाकडे पाहत होते त्यात तिन्ही रेषा पहिल्यांदाच योग्य बाजूला आहेत. फार समाधान वाटलं.

१७ जून

हवा जाण्याची चाचणी, २० चौरस सेंटिमीटर, १०० पास्कल. जाते. प्लास्टिकच्या ताडपत्रीला अर्थातच शून्य.

२४ जून

पाऊस लागला. शेडमध्ये ताणा तुटायचा थांबला, आणि प्रयोगशाळेत कंडिशनिंगआधीचं कोरडं कपाट सुरू केलं.

आता फिनिश, म्हणजे पाणी झटकण्यासाठी कापडाला द्यायची प्रक्रिया. फ्लोरोकार्बनने पाण्याचे थेंब सुंदर उभे राहतात आणि तेलही अडतं. मी ते घेतलं नाही. त्यातल्या जुन्या लांब साखळीच्या रसायनांशी जोडलेलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. ही द्रव्यं पाण्यात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खाण्याच्या धान्यावर घालायच्या कापडाला तेल अडवायची गरजही नाही. मेणाचं इमल्शन आणि झिर्कोनियम धातूचा क्षार घेतला. अॅल्युमिनियमच्या क्षारापेक्षा तो पाण्याला जास्त टिकतो.

आधी कापडाची खळ नीट काढली. खळ राहिली तर ती पाणी ओढून घेते आणि बुरशीला खाऊ घालते. मग पॅडिंग मँगलमधून बुडवून पिळलं, वाळवलं.

२७ जून

स्प्रे टेस्ट. ४५ अंशांत ताणलेल्या कापडावर १५० मिलिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी. कोऱ्या कापडाला १०० पैकी ०, मेणाच्या कापडाला ९०. मेणाने भोकं भरली नाहीत, हवा जाण्याचा आकडा थोडासाच उतरला. तोट्याऐवजी एक फायदा मिळाला: मेणाने धागे निसरडे झाले, टिअर अजून वाढली. धाग्यांना बांधून ठेवणारं रेझिन वापरलं असतं तर नेमकं उलटं झालं असतं.

पहिली सर मेण अडवतं. तासन्‌तास झड लागली आणि मेण हरलं की कापूस भिजून फुगतो आणि दुसरी फळी सांभाळतो.

११ जुलै

छतावर कापड ताणून पावसात ठेवलं होतं. लांबी आटली, दोरी तडतडायला लागली, कोपऱ्यातल्या एका आयलेटभोवती, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाभोवती, धागे सरकले. फुगलेल्या बाण्याला वळसा घालायला ताण्याला जास्त लांबी लागते, ती तो कापडाच्या लांबीतून घेतो. त्यात एक लाभ आहे: आटलेल्या कापडात इंचाला पिक वाढतात. म्हणून ठरवलं, कापड आधी भिजवून, ढिलं वाळवून, आटवून घ्यायचं आणि मगच कापायचं. मागावर २ पिक कमी ठोकले तरी चालतील. ते पाणी भरून देईल. काकांचा मागही थोडा हलका चालेल.

३० जुलै

काळ्या मातीत पट्ट्या पुरल्या. हिंगण्याकडच्या शेतातली माती, ओल धरून, उबदार कपाटात. मातीतले जीवाणू आणि बुरशी कापसाचं सेल्युलोज खातात, आणि उरलेली टेन्साइल हेच त्याचं मोजमाप. सोबत काही पट्ट्या काताच्या पाण्यात उकळून मोरचुदाने (तांब्याच्या क्षाराने) पक्क्या केलेल्या. मासेमारीची जाळी आणि शिडं काताने टिकवायची रीत जुनी आहे, आणि गोंदियाकडे कात देणारा खैर आहे.

१३ ऑगस्ट

साध्या पट्ट्या हाताने उचलतानाच फाटल्या, मशीनपर्यंत पोचल्याही नाहीत. मेणाच्या थोड्या बऱ्या. काताच्या पट्ट्यांनी चांगली ताकद राखली.

पण तांबं धान्याला लागू द्यायचं नाही, त्यावर तडजोड नाही. ताडपत्रीची खालची वीतभर कडच ओल्या ओट्यावर पडते आणि आधी तीच कुजते. तेव्हा मुख्य कापड फक्त मेणाचं, आणि खाली काताची वेगळी पट्टी शिवायची. ती दाण्यांपर्यंत जाणार नाही अशी, बाहेरच्या बाजूने.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज मारबत. माग बंद.

५ सप्टेंबर

शिवण. सुईच्या भोकातून पाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत पॉलिएस्टर आणि बाहेर कापूस असा कोअर-स्पन दोरा घेतला. ताकद आतल्या धाग्याची, आणि भिजल्यावर बाहेरचा कापूस फुगून भोक बुजवतो. दुहेरी दुमडीची शिवण, उताराकडे तोंड करून. शिवणीचा पाण्याचा स्तंभ कापडापेक्षा कमीच आला, तरी साध्या पॉलिएस्टर दोऱ्याच्या शिवणीहून स्पष्ट चांगला.

१८ सप्टेंबर

मेपासून छतावर दक्षिणेकडे ४५ अंशांत लावलेल्या पट्ट्या उतरवल्या. उन्हाने कापसाची ताकद घेतली, ते टळत नाही. बाजारातल्या हलक्या प्लास्टिक ताडपत्रीच्या पट्टीचा मात्र बोटांत भुगा होत होता. घडीवर ती आधी गेली.

६ ऑक्टोबर

कळमन्यात एका अडत्याच्या ओट्यावर सोयाबीनचे दोन ढीग, शेजारी शेजारी, एकावर प्लास्टिक, एकावर आमचं कापड. रात्री सर येऊन गेली. सकाळी ताडपत्र्या उचलल्या तेव्हा हमाल आणि मालाचे शेतकरी दोघंही उभे होते. प्लास्टिकखालचा वरचा थर हाताला ओलसर, दाण्यांना घामाचा वास. आमच्या कापडाची बाहेरची बाजू भिजलेली, आतून हात लावला तर दमट, पण थेंब नाही. ओलावा मापकावर आमच्या ढिगाचा वरचा थर खालच्यासारखाच निघाला. शेतकऱ्याने मूठभर दाणे उचलून कानाशी वाजवले आणि म्हणाला, "हे वाजून राह्यले जी."

तक्रार एकच आली आणि ती रास्त आहे: भिजल्यावर कापड जड होतं, चार माणसं लागतात. सूत बारीक करून वजन उतरवलं तर टिअर जाते, तेव्हा त्या वाटेने जायचं नाही. एका मोठ्या चादरीऐवजी दोन लहान, मध्ये एकावर एक येणारी दुमड आणि दोरीची गाठ, असं करून पाहू.

९ ऑक्टोबर

काकांना पुढच्या बीमचा कागद दिला: २/१० सूत, ३६ एंड जोडीने, मागावर ३० पिक, आटल्यावर ३२. खळ हलकी. काठाला शेवटचे एंड दुहेरी, म्हणजे आयलेटच्या ओळीला आधार. तपासणीच्या तक्त्यात पहिली ओळ खोलीचं तापमान, दुसरी आर्द्रता, आणि टेन्साइलच्या आधी टिअर.